गुरुपौर्णिमेचा जिताडा आणि पोटातली गाबोळी

पोयनाडचा_पाहुणा

मंडळी, प्रश्न दोन ओळींचाच आहे, पण काय घडलं ते आधी सांगतो.

मी कळंबोलीत राहतो, एका कारखान्यात वायरमन आहे. गाव पोयनाडजवळ, खारेपाटात. आई तिथेच असते. गावी गेलो की गळ घेऊन खाडीवर जायचं, ही गेल्या अकरा वर्षांची सवय. पोट त्यावर नाही, निव्वळ हौस. आधी बांबूची काठी आणि तंगूस होता, आता रॉड आणि रील आहे. बायकोच्या हिशेबाने त्या पैशांत वॉशिंग मशीन आलं असतं.

यंदा गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकून धरमतर खाडीच्या तोंडाशी, रेवसच्या बाजूला गेलो. पाऊस दुपारीच थांबलेला. पाणी गढूळ, चहासारखं. सहा-सव्वासहापर्यंत सुकती, म्हणजे ओहोटी होती, चिखल उघडा पडलेला, निवट्या उड्या मारत होत्या. पावणेसातच्या सुमारास पाणी वळलं. जिवंत कोळंबी लावून दगडांच्या कडेला टाकली आणि बसलो. साडेसात वाजले असतील, अंधार पडायला लागला होता, तेवढ्यात रॉड अशी वाकली की मला वाटलं ओंडकाच अडकला. मग तो ओंडका पाण्याबाहेर उडाला! दोनदा उडाला, डोकं झटकत. वीस-पंचवीस मिनिटं मी आणि तो. काठावर घेतला तेव्हा टॉर्चच्या उजेडात डोळे निखाऱ्यासारखे. जिताडा. 9 किलो 200 ग्रॅम, लांबी 90 सेंटीमीटरला जेमतेम कमी. आयुष्यात एवढा मोठा कधी लागला नव्हता.

घरी आईने चिरायला घेतला. पोटात अंड्यांच्या दोन गाबोळ्या, माझ्या हाताएवढ्या जाड. आईने बोटाने दाबून बघितली, दाणा दाणा सुटा झालेला. म्हणाली, "आरं, पिकलेली हाय ही. आज-उद्या टाकली आसती." मग घटकाभर गप्प बसली, आणि म्हणाली, "जाऊं दे, तलू."

तळली. खाल्ली. चविष्ट होती, खोटं कशाला बोलू. पण ते "आज-उद्या" डोक्यातून जात नाही. आमच्याकडे श्रावणात मासे न खाणारे आहेत, नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी न काढणारे आहेत. मी मात्र गळ घेऊन बरोबर आषाढातच जातो, कारण जिताडा तेव्हाच लागतो.

तर विचारायचं असं, की जिताडा नक्की कधी आणि कुठे अंडी घालतो? आणि माझ्यासारख्या हौशी माणसाने त्या दिवसांत गळ टाकू नये, की टाकला तरी चालतो? यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते हे माहीत आहे. मी बोटीवाला नाही, दगडावर बसणारा आहे.

भरलं_पाणी

एका गळाने समुद्र रिकामा होत नाही, पाहुणे. तुम्ही वर्षाला किती जिताडे मारता? तीन? चार? खाडीच्या तोंडाशी डोलीची जाळी लागतात, त्यात बोटाएवढी पिल्लं किलोंनी येतात आणि सुकटीत जातात. आधी त्यांना जाऊन विचारा. तुमची गाबोळी तळून खाल्ली ते बरं केलं, टाकून दिली असती तर पाप लागलं असतं.

हॅचरीतला_माणूस

तामिळनाडूत जिताड्याच्या बीज केंद्रावर सहा वर्षं नोकरी केली आहे, आता घरी परतलोय. तुमची पोस्ट वाचून पहिल्यांदा वेळेकडे लक्ष गेलं. पौर्णिमेनंतरची प्रतिपदा, खाडीचं तोंड, संध्याकाळी नुकती लागलेली भरती. साहेब, तुम्ही जिताड्याच्या अगदी लग्नघरात गळ टाकलात.

जिताडा खाडीत आणि नदीत वाढतो, पण अंडी घालायला त्याला खारं पाणी लागतं. अंडं जेमतेम 0.8 मिलिमीटरचं असतं, ते खाऱ्या पाण्यातच तरंगतं. जुलैत अंबा नदीला पूर आला की धरमतरच्या वरच्या अंगाला पाणी जवळपास गोडं होतं, तिथे अंडी टाकून उपयोग नाही. म्हणून पिकलेले मासे खाली उतरतात, तोंडाशी, जिथे समुद्राचा खारटपणा टिकून असतो. तुम्ही बसलात तिथेच.

वेळ अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची. पुढचे तीन-चार दिवसही चालतं. दिवस मावळताना, भरती लागली की नर-मादी एकत्र येतात. आमच्याकडे टाकीतही हेच दिसायचं. सिमेंटच्या टाकीला ना चंद्र दिसतो ना भरती लागते, तरी पिकलेले मासे संध्याकाळ झाली की एकमेकांना घासत फिरायला लागायचे. सकाळी जाळीत अंडी. बारा ते अठरा तासांत ती फुटतात.

आता महत्त्वाचं. जिताडा जन्मभर नर किंवा जन्मभर मादी नसतो. बहुतेक जिताडे आधी नर म्हणून वयात येतात, साधारण तीन-चार वर्षांचे असताना. दोन-तीन हंगाम नर म्हणून काढतात आणि पुढे, साधारण 80 ते 100 सेंटीमीटरच्या दरम्यान, त्यांची मादी होते. परत फिरणं नाही. लहानपणापासूनच मादी असलेले थोडे सापडतात, पण मोठ्या मापाचा जिताडा म्हणजे जवळजवळ नक्की मादी. तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही सगळीकडे "तो" लिहिलंय. ती होती.

आणि अंड्यांचा हिशेब वजनाबरोबर चढत जातो. नऊ-दहा किलोच्या मादीत पन्नास-साठ लाखांच्या घरात अंडी असतात, वीस किलोच्या मादीत दीड कोटीच्या पुढे.

भरलं_पाणी यांचं डोलीबद्दलचं म्हणणं मला पटतं. पण त्या जाळ्यात येतं ते पिल्लू, हजारातलं नऊशे नव्याण्णव तसंही मरणार असतं. सात-आठ वर्षं जगून, नराची मादी होऊन, पूर उतरून तोंडाशी पोचलेली एक मादी ही वेगळी वस्तू आहे. आमच्या केंद्रावर असली एक मादी मिळवायला कोळ्यांच्या मागे महिनोन् महिने फिरायचो. बारीक नळीने दोन-चार अंडी काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, पिकली असतील तरच इंजेक्शन द्यायचं, मग तीस-छत्तीस तास कुणी झोपायचं नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेला देशात पहिल्यांदा हे जमलं ते 1997 साली. तोवर सगळं बीज खाडीतूनच यायचं. रायगडात तर अजूनही बरंच तिथूनच येतं, ते तिथले लोक सांगतील.

उघाडीवरचा

सांगतो ना. माझं घरच खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला लागून आहे, दोन तळी आहेत, दोन्हींत जिताडा.

आमच्याकडे बाप-आज्यापासून एकच रीत. पावसात खाडीच्या कडेला, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या तोंडाशी, खाचरांच्या पाण्यात जिताड्याची पिल्लं येतात. बोटाच्या पेराएवढी, अंगावर काळसर पट्टे, डोक्यावर पांढरी रेघ. हातजाळीने धरायची आणि तळ्यात सोडायची. एका मापाची निवडून सोडायची, नाहीतर मोठं लहानाला गिळतं. अख्खं गिळतं, आपल्या निम्म्याहून लांब असलं तरी. पहिल्या वर्षी मी शंभर सोडली होती, दिवाळीला मोजायला गेलो तर तीस. बाबा हसले, म्हणाले, बाकीची सत्तर याच तिसांच्या पोटात आहेत.

तळ्यातला जिताडा तीन-चार वर्षांत मस्त होतो, पण तळ्यात कधी पिल्लू दिसलं नाही. लहानपणी मला वाटायचं आपल्या तळ्यात सगळे नरच कसे. हॅचरीवाल्यांचं वाचून आज कोडं सुटलं. नर तर होतेच, वर पाणी गोडं.

पाहुणे, तुमच्या वेळेचं गणित तिथीवरून बघा. आमचे म्हातारे तिथीची पाऊणपट करतात, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. प्रतिपदेला पाऊण वाजता. मध्यरात्री पाऊणला भरती म्हणजे संध्याकाळी पावणेसातला सुकती संपून पाणी वळणार. तुम्ही घड्याळात बघितलंत तेच. अमावास्या-पौर्णिमेला आमच्या किनाऱ्यावर पाणी कायम तिन्हीसांजेलाच वळतं. म्हणजे अंधार पडतो आणि उधाणाची भरती लागते, दोन्ही एकदम. अंडी टाकली की पुढचे सहा तास पाणी आतच ढकलत नेणार, थेट कांदळवनापर्यंत. माशाला पंचांग कुणी शिकवलं नाही, पण चुकत नाही.

अजून एक सांगतो, हे बोलायला बरं वाटत नाही. आमच्या बाजूला बांधाला खांडी गेल्या, खारं पाणी शेतात शिरलं, दुरुस्ती झाली नाही. जिथे माझा आजा भात लावायचा तिथे आता डोक्याएवढी तिवरं आहेत. आमचं शेत बुडालं, त्याच जागी पिल्लं पाळण्यात वाढतात. भातासाठी रडायचं की पिल्लं बघून खूश व्हायचं, माझं मलाच कळत नाही.

आणि रविवारी मोठ्या गाड्या घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींना उद्देशून: बांधावर बाटल्या फोडू नका. उघाडीची झडप वर करून "आत मासा आहे का" बघू नका. एकाने गेल्या वर्षी केलं, सात एकरांत खारं पाणी गेलं.

पोयनाडचा_पाहुणा

हॅचरीवाले, "ती होती" वाचून चहा तसाच राहिला. अकरा वर्षांत मी तीन मोठे मारले आणि तिन्हींचे फोटो मोबाईलवर आहेत. आता बघितले. तिन्ही जुलैतले. तिन्ही मादीच असणार.

उघाडीवरचा, आमच्या आईचा बाप हीच पाऊणपट करायचा, मी ती शाळेतल्या पाढ्यांबरोबर विसरलो. मोबाईलवर भरतीची वेळ बघतो आणि स्वतःला हुशार समजतो.

एक शंका आहे. लहान सोडा, मोठे घ्या, हे आम्ही सगळ्यांकडून ऐकत आलोय. पिल्लू सोडून द्यायचं ही तर पद्धतच. तुम्ही म्हणता ते उलटं आहे का? मोठा सोडा?

हॅचरीतला_माणूस

दोन्ही सोडा, मधला घ्या. पिल्लू सोडायचं कारण त्याने एकदाही बीज दिलेलं नाही. 80 च्या वरचा सोडायचा कारण ती मादी आहे आणि तिच्यासारख्या थोड्याच आहेत. साठ-सत्तरचा घेतलात तर बहुधा नर असेल. एक नर गेला तर दुसरा असतो, एका मादीभोवती तसेही चार-पाच जमतात.

फक्त मोठेच मारत राहिलो तर खाडीत नर उरतात, माद्या संपतात. हे इतर माशांत इतकं चटकन होत नाही. जिताड्यात होतं, कारण आपण मोठा मासा निवडतो तेव्हा नकळत मादीच निवडतो.

केर्न्सचा_देसाई

मी मूळ मालवणचा, आमच्याकडे याला खजुरी म्हणतात. गेली चौदा वर्षं ऑस्ट्रेलियात केर्न्सला आहे, इथे हाच मासा बारामुंडी. लोक याच्यासाठी वेडे आहेत, पण पट्टी खिशात घेऊनच फिरतात. क्वीन्सलंडमध्ये 58 सेंटीमीटरच्या खालचा ठेवायचा नाही आणि 120 च्या वरचाही ठेवायचा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर 55 ते 80, बस्स. म्हणजे हॅचरीवाले म्हणतात तेच, कायद्यात लिहिलेलं. आमच्या पूर्व किनाऱ्यावर 1 नोव्हेंबर ते 1 फेब्रुवारी बारामुंडी पकडायलाच बंदी, कारण इकडचा पावसाळा तेव्हा. ही बंदी गळवाल्यालाही लागू. दगडावर बसणाऱ्यालाही.

पहिल्या वर्षी मला हे सगळं फार जाचक वाटलं होतं. आमच्या आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मगे तीन म्हयने खातंत काय?" त्यावर मला काही उत्तर सुचलं नव्हतं.

चणक_नी_फेणी

गोव्यातून. आमची चणक म्हणजे तुमचा जिताडा, कोलकात्याच्या बंगाल्यांची भेटकी. नावं निराळी, भांडण तेच.

पाहुणे, सोडायचं ठरवलंत तर नीट सोडायला शिका, नाहीतर खायची ती सोडून मारल्यासारखं होईल. माझ्या हातून दोन-तीन मेल्या आहेत म्हणून सांगतो. गळाच्या उलट्या दाताला घरीच पक्कड मारून तो दाबून टाका. तीन तोंडांचे गळ काढून एकतोंडी लावा. दोरा जाड घ्या. बारीक दोऱ्याने अर्धा तास खेळवणं म्हणजे माशाला पळवून पळवून मारणं आहे, त्यात कसली मर्दुमकी. मासा कडेला आला की पाण्यातच ठेवून गळ काढा. फोटो हवाच तर हात आधी ओले करा, एक हात जबड्याला, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. नऊ किलोचा मासा जबड्याला धरून उभा लटकवला की त्याचं सगळं वजन मानेवर येतं आणि गाबोळीवाली असेल तर आतलं सगळं खाली ओढलं जातं. आणि कल्ल्यात बोट घालू नका. माशासाठी नाही, तुमच्यासाठी: कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. माझ्या अंगठ्याला पाच टाके आहेत.

मग तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा. ती स्वतः शेपटी मारून हात सोडवून घेईल तेव्हाच सोडा. घाई तुम्ही करायची नाही.

भरलं_पाणी

एवढं शिकून मग मासा सोडायचा? त्यापेक्षा आषाढात घरी बसा की.

चणक_नी_फेणी

हे मात्र शंभर टक्के खरं बोललात.

पोयनाडचा_पाहुणा

उशिरा लिहितोय. श्रावण अर्धा सरला.

ठरवलं ते असं: आषाढ-श्रावणात उधाणाच्या दिवसांत रेवसच्या तोंडाशी जायचं नाही. शपथ वगैरे घेतलेली नाही, कारण मी मला ओळखतो. पण रॉडच्या मुठीपासून 80 सेंटीमीटरवर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. वायरमनचं घर, टेपला तोटा नाही. त्या टेपच्या पुढे गेला तर पाण्यात परत.

आषाढी अमावास्येला मित्राचा फोन आला होता, "तोंडाशी चाललोय, येतोस का?" त्याला मी या धाग्याचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, गेला, आणि रात्री फोटो पाठवला. मोठा होता. मी काही बोललो नाही. माझ्या मोबाईलमध्ये तीन आहेत.

परवा अष्टमीला गेलो, भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो ते, तेही आत, गावाजवळच्या फाट्यात. तीन तास काही नाही. एक शेंगाळा, त्याने काटा मारला. मग एक जिताडा लागला. मापला, 68. टेपच्या बराच अलीकडे. साडेतीन किलो. आई दारातच उभी होती, पिशवीचं वजन बघून खूश झाली. विळीवर घेतला, पोट उघडलं, आत बोट फिरवलं. परत फिरवलं.

"गाबोली नाय?"

मी म्हटलं, "नर आहे बहुतेक. मुद्दाम आणलाय."

"मुद्दाम?"

मग मी तिला नर-मादीचं, 80 सेंटीमीटरचं, केर्न्सच्या पट्टीचं सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकलं, हात न थांबवता. डोकं वेगळं काढलं, तुकड्या केल्या, मीठ-हळद लावली. आणि मग माझ्याकडे अशी बघितली, जशी काय गाबोळी मीच वाटेत काढून कुणाला तरी देऊन आलोय.

डोक्याचं कालवण मात्र झकास झालं होतं.